शब्द, गुन्हा आणि आपण : कायदा शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक पाठ

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे शाळेच्या आठवणी मागितल्या होत्या. आठवणी इतर सहकारी लिहितीलच. आम्ही मात्र एका प्रश्नाचे उत्तर लिहिणार आहोत, कारण ते उत्तर आमच्याकडून राहून गेले आहे.

गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला आपल्या वसतिगृहातील एक माजी विद्यार्थिनी आली होती. तिचे आईवडील थेरगावात, डांगे चौकाजवळच्या वस्तीत राहतात. वडील चाकणला कंत्राटी कामगार आहेत. मुलगी बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कायदा अभ्यासक्रमात शिकते. वंदना झाली, खीरदान झाले आणि मग ती आमच्याजवळ येऊन म्हणाली, “सर, १९२६ मध्ये पुण्यात दिवंगत पुढाऱ्यांवर जहाल टीका करणाऱ्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते. आज ॲट्रॉसिटी कायद्यात, आपल्याला वंदनीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर करणे हा गुन्हा आहे. दोन्ही आपलेच. मग मी कोणत्या बाजूने उभे राहायचे?”

“परीक्षेत काय लिहायचे ते तुमचे प्राध्यापक सांगतील,” असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. तिने परीक्षेबद्दल विचारलेच नव्हते. तीस वर्षे इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकाला ते उत्तर शोभणारे नव्हते. आम्ही कायद्याचे पदवीधर नाही. परंतु खटले हाही इतिहासच असतो आणि तो वाचण्याची आम्हांस सवय आहे. पुढील पाठ तिच्यासाठी आहे, तिच्यासारख्या आपल्या सर्व विद्यार्थ्यांसाठी आहे आणि मुलाच्या मोबाइलमुळे कधी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागेल काय, या धास्तीत असलेल्या पालकांसाठीही आहे.

१. दोन विषय, एक प्रश्न

कायद्याची पदवी दोन मार्गांनी मिळते : बारावीनंतर पाच वर्षे, अथवा पदवीनंतर तीन वर्षे. दोन्हीकडे फौजदारी कायदा हा एक विषय असतो व संविधान हा दुसरा. बहुधा ते निरनिराळ्या सत्रांत, निरनिराळ्या प्राध्यापकांकडून शिकवले जातात. फौजदारी कायदा सांगतो की काय बोलल्यास शिक्षा होते. संविधानाचा अनुच्छेद १९(१)(अ) सांगतो की प्रत्येक नागरिकास भाषणाचे व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आहे. विद्यार्थी दोन्ही पाठ करतात आणि दोन वेगळ्या उत्तरपत्रिकांत लिहून येतात. परंतु न्यायालयात हे दोन विषय एकाच टेबलावर समोरासमोर बसलेले असतात.

१ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुने निकाल वाचताना जुने क्रमांक लागतात आणि नव्या खटल्यांत नवे. म्हणून दोन्ही शेजारी लिहून ठेवावेत. बदनामी : जुने कलम ४९९ व ५००, नवे ३५६. समाजगटांत शत्रुत्व वाढवणे : जुने १५३-अ, नवे १९६. धार्मिक भावना बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने दुखावणे : जुने २९५-अ, नवे २९९. अश्लील पुस्तके वगैरे : जुने २९२, नवे २९४. राजद्रोहाचे जुने १२४-अ गेले. त्याच्या जागी देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयीचे कलम १५२ आले.

क्रमांक पाठ झाले म्हणजे कायदा आला असे होत नाही. यातील कोणतेही कलम उघडले की तीन प्रश्न विचारावेत. पहिला, नेमके कोणते कृत्य शिक्षापात्र ठरवले आहे? दुसरा, त्या कृत्यामागे कोणता हेतू वा कोणती जाणीव सिद्ध व्हावी लागते? तिसरा, कोणते अपवाद दिले आहेत? त्यानंतर चौथा प्रश्न संविधानाचा : अनुच्छेद १९(२) मध्ये मोजून दिलेल्या कारणांपैकी कोणत्या कारणात हे कलम बसते आणि त्याने घातलेला निर्बंध वाजवी आहे काय? हे चार प्रश्न हाती धरून आता आपण बाबासाहेबांच्या वकिलीकडे वळू.

२. पुणे, १९२६

ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आल्यावर बाबासाहेबांनी १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. अस्पृश्य वकिलाकडे मोठे पक्षकार येत नसत. अशा काळात पुण्यातील ब्राह्मणेतर चळवळीच्या कार्यकर्त्यांचा एक खटला त्यांच्याकडे आला.

१९२५ चे पुणे डोळ्यांसमोर आणावे लागेल. महात्मा जोतीराव फुले यांच्या पुतळ्याच्या प्रश्नावरून शहरातील वातावरण तापले होते. त्या धगीतच दिनकरराव जवळकर यांची ‘देशाचे दुश्मन’ ही पुस्तिका निघाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि लोकमान्य टिळक यांच्यावर तीत अत्यंत कठोर भाषेत प्रहार केलेले होते. चिपळूणकर १८८२ मध्ये आणि टिळक १९२० मध्ये निवर्तले होते. जवळकर, केशवराव जेधे, केशवराव बागडे आणि रामचंद्र लाड यांच्यावर बदनामीचा खटला भरण्यात आला. फिर्यादी पक्षाकडे ल. ब. भोपटकर यांच्यासारखे नामांकित वकील होते. खालच्या न्यायालयात शिक्षा झाली. अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि ऑक्टोबर १९२६ मध्ये आरोपींची सुटका झाली.

ही हकिकत आपण अभिमानाने सांगतो. विद्यार्थ्याने तेवढ्यावर थांबू नये, कलम उघडावे. मृत व्यक्तीची बदनामी होऊ शकते काय? जुन्या कलम ४९९ चे पहिले स्पष्टीकरण सांगते की होऊ शकते, परंतु दोन गोष्टी लागतात : ती व्यक्ती जिवंत असती तर त्या आरोपाने तिच्या लौकिकास बाधा आली असती, हे एक, आणि तो आरोप तिच्या कुटुंबीयांच्या वा निकटच्या नातलगांच्या भावना दुखावण्याच्या उद्देशाने केलेला असावा, हे दुसरे. म्हणजे अनुयायांच्या भावना कायद्याने या कलमात घेतलेल्याच नाहीत. फिर्यादही बाधित व्यक्तीनेच करावी लागते, कोणत्याही रस्त्यावरच्या माणसाने नव्हे. दिवंगत पुढारी लाखो लोकांना प्रिय असतो. त्या लाखांपैकी प्रत्येकाला फिर्यादीचा अधिकार दिला तर इतिहास लिहिणेच संपेल. १८६० च्या संहितेत ही सीमा आखलेली होती. नव्या कलम ३५६ मध्येही ती तशीच आहे.

आणखी एक गोष्ट इतिहासाचा शिक्षक म्हणून सांगतो. चिपळूणकरांनी आपल्या निबंधमालेत जोतीरावांची यथेच्छ टर उडवली होती. त्याबद्दल कोणी न्यायालयात गेले नाही. जोतीरावांचे अनुयायी पुढे लेखणी घेऊन उभे राहिले आणि त्यांच्या लेखणीवर मात्र खटला झाला. समान शब्दांना समान न्याय मिळतो काय, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

३. मुंबई, १९३४

दुसरा खटला वेगळ्या प्रकारचा. रघुनाथ धोंडो कर्वे हे संततिनियमनाचा प्रसार करणारे गणिताचे प्राध्यापक होते. १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले व १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते मासिकातून निर्भीड, शास्त्रीय उत्तरे देत. त्यावरून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. हा खटला ते हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

हरलेला खटला आपल्या व्याख्यानांत सहसा येत नाही. आमच्या मते तो अधिक शिकवणारा आहे. कर्वे अस्पृश्य नव्हते. त्यांचा विषय आपल्या समाजालाही तेव्हा रुचणारा नव्हता. महाडचा संग्राम, गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांतून गेलेल्या नेत्याने आपली प्रतिष्ठा अशा बदनाम प्रकरणात पणाला का लावावी? आम्ही याचे उत्तर असे लावतो की, जे ज्ञान लोकांना हवे आहे परंतु समाजधुरीणांना नको आहे, त्याची वाट कायद्याने बुजवली जाऊ नये, एवढे त्यांना पुरेसे होते. ज्या समाजाला अक्षरच निषिद्ध होते, त्या समाजातून आलेल्या वकिलाला ही गोष्ट कोणी समजावून सांगावी लागली नसेल.

विद्यार्थ्याने येथून पुढचा धागा धरावा. त्या काळी अश्लीलतेची कसोटी १८६८ च्या हिकलिन या इंग्रजी खटल्यातली होती : ज्यांचे मन अशा लेखनाने बिघडू शकेल अशा कोणाच्या हाती ते पडले तर काय होईल? म्हणजे सर्वांत दुर्बळ वाचक हे माप. स्वतंत्र भारतातही १९६४ मध्ये, मुंबईतील एका पुस्तकविक्रेत्याच्या रणजित उदेशी खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ती कसोटी स्वीकारली. १९६९ मध्ये चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘शामा’ या कथेला त्याच न्यायालयाने निर्दोष ठरवले. २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात हिकलिनचे माप बाजूला ठेवून समकालीन समाजाची मापे पाहावीत असे ठरले. कर्वे जिथे हरले, त्या जागेवरून कायदा हलायला ८० वर्षे लागली.

४. राजद्रोहाच्या कलमाची वाट

कलम १२४-अ हे दंड संहितेत १८७० मध्ये आले. १८९७ मध्ये न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यासमोर टिळकांना त्याखाली १८ महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ मध्ये न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि ती मंडालेस भोगावी लागली. टिळकांच्या सामाजिक मतांशी आपला विरोध आहे व राहील. परंतु लेखासाठी माणसाला सहा वर्षे तुरुंगात टाकणे अन्यायाचे होते, हे म्हणताना आमची जीभ अडखळत नाही. आणि ज्यांनी शब्दांसाठी तुरुंग भोगला, त्यांच्यावरील शब्दांसाठी पुढे १९२६ मध्ये इतरांना तुरुंगात धाडू पाहिले गेले, हा विरोधाभासही नोंदवला पाहिजे.

संविधान सभेने डिसेंबर १९४८ मध्ये, कन्हैयालाल मुन्शी यांच्या दुरुस्तीनंतर, भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या कारणांतून राजद्रोह हा शब्द वगळला. दंड संहितेतील कलम मात्र राहिले. १९५० मध्ये मुंबईतून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकावरील मद्रास सरकारची बंदी सर्वोच्च न्यायालयाने रमेश थापर खटल्यात रद्द केली. त्यानंतर १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. तिने अनुच्छेद १९(२) मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध व गुन्ह्यास चिथावणी ही कारणे घातली आणि त्याचबरोबर निर्बंध ‘वाजवी’ असावेत ही अटही घातली. त्या वेळी कायदामंत्री बाबासाहेबच होते व त्यांनी संसदेत या दुरुस्तीचे समर्थन केले. म्हणून त्यांना अमर्याद भाषणस्वातंत्र्याचे पुरस्कर्ते म्हणणेही चूक आणि शब्दांना बेडी घालणारे म्हणणेही चूक. निर्बंध असावा, परंतु तो वाजवी आहे की नाही हे न्यायालयाने तपासावे, अशी ती रचना आहे.

१९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात न्यायालयाने कलम १२४-अ टिकवले. मात्र हिंसेस चिथावणी देणाऱ्या वा सुव्यवस्था बिघडवण्याकडे झुकणाऱ्या शब्दांपुरतेच. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा वापर स्थगित ठेवला. नवे कलम १५२ वाचताना विद्यार्थ्याने केदारनाथची मर्यादा त्यालाही लागू होते काय, हा प्रश्न मनात ठेवावा. तो प्रश्न उद्या त्याच्याच पिढीतील वकिलांना लढवायचा आहे.

५. जो कायदा आपले रक्षण करतो

आता त्या मुलीच्या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे येऊ. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा १९८९ चा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, २६ जानेवारी २०१६ पासून, त्याच्या कलम ३(१) मध्ये शब्दांशी संबंधित अनेक खंड आहेत. खंड (आर) : सर्वांना दिसेल अशा ठिकाणी, हीन लेखण्याच्या हेतूने जाणूनबुजून अपमान करणे वा धाकदपटशा करणे. खंड (एस) : अशाच ठिकाणी जातीच्या नावाने शिवीगाळ करणे. खंड (टी) : आपण पवित्र वा अत्यंत आदरणीय मानतो अशा वस्तूची मोडतोड वा विटंबना करणे. खंड (व्ही) : आपण अत्यंत आदरणीय मानतो अशा दिवंगत व्यक्तीचा शब्दांनी वा अन्य प्रकारे अनादर करणे.

हे खंड का लागले, हे नव्या पिढीला सांगावे लागते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. निषेधासाठी जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे गेली. पुतळ्याला घातलेला चपलांचा हार हे मत नसते. ‘तुमची जागा अजून पायाशीच आहे’ असे एका संपूर्ण वस्तीला बजावणे असते. जातीवरून भर रस्त्यात दिलेली शिवीही तशीच. तिला उत्तर म्हणून युक्तिवाद करता येत नाही, कारण तिच्यात युक्तिवादच नसतो. ती अनुच्छेद १७ ने नष्ट केलेली अस्पृश्यता शब्दांतून पुन्हा उभी करते. म्हणून अशा शब्दांना शिक्षा असणे भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध नाही, अशी आमची धारणा आहे.

परंतु खंड (व्ही) चे शब्द व्यापक आहेत. ‘अनादर’ या शब्दात चपलांचा हार येतो. बाबासाहेबांच्या आर्थिक विचारांवर टीका करणारा प्रबंध त्यात येतो काय? कायद्याचा विद्यार्थी म्हणून तुम्हांला येथे सीमा आखावी लागेल. आम्ही ती अशी आखतो. विचारावरची, निर्णयावरची, लेखनावरची टीका, कितीही कडवट असली तरी, गुन्हा मानू नये. जन्मावरून माणसाला वा समाजाला हीन ठरवण्यासाठी दिवंगत व्यक्तीला साधन बनवणे हा गुन्हा मानावा. ‘देशाचे दुश्मन’ला हीच फूटपट्टी लावावी. ती पुस्तिका सत्ता व प्रतिष्ठा असलेल्यांच्या कार्यावर तुटून पडली होती. तिची भाषा आम्ही वर्गात वापरू देणार नाही. तरीही तिच्या लेखकाला तुरुंगात पाठवणे चूकच ठरले असते. आणि याच फूटपट्टीने उद्या कोणी बाबासाहेबांच्या एखाद्या राजकीय निर्णयावर जळजळीत लिहिले, तर त्याला उत्तर लेखानेच द्यावे लागेल. फूटपट्टी एकदा हाती घेतली की ती आपल्या बाजूलाही लावावी लागते.

६. आमची एक चूक

हे लिहिण्याचा अधिकार सहज मिळालेला नाही. मे २०१२ मध्ये अकरावीच्या राज्यशास्त्राच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकातील एका व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. शंकर यांनी १९४९ मध्ये काढलेले ते चित्र : संविधाननिर्मितीच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसले आहेत आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. आमच्यासमोर निषेधाचे निवेदन आले. आम्ही चित्र न पाहता, पाठ न वाचता सही केली. त्याच दिवसांत पुणे विद्यापीठात, त्या पुस्तकाचे एक सल्लागार असलेल्या प्राध्यापक सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. तोपर्यंत त्यांनी सल्लागारपद सोडलेलेही होते. आठ वर्षांपूर्वी, ५ जानेवारी २००४ रोजी, भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तेव्हा आम्ही वर्गात मुलांना सांगितले होते की, पुस्तकाला उत्तर पुस्तकाने द्यावे. २०१२ मध्ये मुलांना काय सांगावे हे आम्हांला सुचेना.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईत असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. सरकारने तो आरोप पुढे मागे घेतला आणि २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कलमाच्या वापरावर मर्यादा स्पष्ट केल्या. त्या अटकेचा आम्ही स्टाफरूममध्ये तावातावाने निषेध केला. तेव्हा एका तरुण सहकाऱ्याने शांतपणे विचारले, “मग मे महिन्यातली सही?” त्या प्रश्नाने आम्हांला पाठ्यपुस्तकाचे ते पान उघडायला लावले. भोवतीचा मजकूर घटना तयार व्हायला वेळ का लागला, हे समजावून सांगणारा होता. चित्राबद्दल आजही मतभेद असू शकतात. चाबूक आणि बाबासाहेब एकत्र पाहून आपल्या माणसाच्या पोटात जे कालवते, ते खोटे नाही; आमच्याही कालवले. परंतु ते दुःख बोलून दाखवणे वेगळे आणि न वाचता सही करणे वेगळे.

या संदर्भात १९८७–८८ ची आठवण ठेवावी. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’चा समावेश असलेला खंड १९८७ मध्ये प्रकाशित केला, तेव्हा भावना दुखावल्याच्या कारणावरून राम व कृष्ण यांच्याविषयीचे परिशिष्ट वगळण्याची मागणी झाली. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत आपल्या समाजाचा प्रचंड मोर्चा निघाला. आमच्यातील अनेक जण त्या वयात त्या मोर्चात चालले आहेत. शेवटी परिशिष्ट राहिले. शासन या मतांशी सहमत असेलच असे नाही, अशी टीप जोडण्यात आली. आपण त्या दिवशी रस्त्यावर काय मागत होतो? दुसऱ्याच्या भावना दुखावल्या तरी आमच्या बापाचे पुस्तक जसेच्या तसे छापा. हा हक्क ज्याने मागितला, त्याला तो दुसऱ्याला नाकारता येत नाही.

७. मोबाइलचा पडदा आणि पोलीस ठाणे

आपल्या औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न आता ग्रंथालयात राहिलेला नाही. आपल्या एका माजी विद्यार्थ्याने जयंतीच्या मिरवणुकीच्या वादानंतर मोबाइलवर चार ओळींचे स्टेटस ठेवले. कोणीतरी तक्रार केली. दिवसभर तो पोलीस ठाण्यात बसून राहिला. गुन्हा नोंदला गेला नाही. परंतु ज्या कंपनीत तो कंत्राटावर होता, तेथे दुसऱ्या दिवशी त्याला कामावर घेतले नाही. शिक्षा कोणत्याच न्यायालयाने दिली नाही आणि तरीही ती झाली. त्याच्या आईने आम्हांला विचारले, “सर, त्यानं नेमकं काय चुकवलं?” असे प्रश्न सोडवण्यासाठीच आपली मुले कायदा शिकत आहेत.

त्यांना काही गोष्टी पाठ असाव्यात. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस त्यासाठी थेट अटक करू शकत नाहीत, बाधित व्यक्तीला न्यायालयात फिर्याद करावी लागते. कलम १९६ व २९९ दखलपात्र आहेत. परंतु त्यांखाली न्यायालयाने खटला हाती घेण्यापूर्वी शासनाची पूर्वमंजुरी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार, तीन वर्षे वा अधिक, परंतु सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत गुन्हा नोंदवण्यापूर्वी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. २८ मार्च २०२५ रोजी, खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून नोंदलेला गुन्हा रद्द करताना, सर्वोच्च न्यायालयाने शब्दांच्या गुन्ह्यांत या तरतुदीचे महत्त्व अधोरेखित केले.

महाराष्ट्रातील दोन निकाल तर प्रत्येकाने मुळातून वाचावेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील एका मजकुरासाठी अटक झाली. त्या संतापातून दाखल झालेल्या श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरले. दुसरे प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातील. एका महाविद्यालयातील प्राध्यापकावर, अनुच्छेद ३७० बाबतच्या निर्णयावर टीका करणाऱ्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून हातकणंगले पोलीस ठाण्यात कलम १५३-अ खाली गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्या निकालाचा आधार आहे नागपूर उच्च न्यायालयाने भगवतीचरण शुक्ल खटल्यात सांगितलेले माप : शब्दांचा परिणाम खंबीर व विवेकी माणसावर काय होईल ते पाहावे, दुबळ्या, डळमळीत मनाच्या माणसावर काय होईल ते नव्हे. हिकलिनच्या मापाशेजारी हे माप ठेवून पाहा, म्हणजे न्यायालये वाचक कसा कल्पितात यावर शिक्षा कशी अवलंबून असते ते कळेल.

पालकांसाठी एवढेच : १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना, औद्योगिक कामगारांना आणि कोठडीतील व्यक्तींना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे. तो घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावा.

८. स्वाध्याय

शिक्षकाचा लेख स्वाध्यायाशिवाय संपत नाही. विद्यार्थ्यांनी पुढील प्रश्नांची उत्तरे आपल्या वहीत लिहावीत. जमल्यास पुढील मेळाव्यास आणावीत.

(१) ‘देशाचे दुश्मन’ खटल्यात फिर्यादी पक्षाचे वकील म्हणून एक पान लिहा. मग बचावाचे एक पान लिहा. पहिले पान जितके प्रामाणिक असेल तितके दुसरे भक्कम होईल.
(२) अत्याचार प्रतिबंध कायद्याचे कलम ३(१) चे खंड (एस) व (व्ही) अनुच्छेद १९(२) मधील कोणत्या कारणांत बसतात? अनुच्छेद १७ चा आधार कसा घ्याल?
(३) आपल्याला अत्यंत संताप आणणारा एखादा मजकूर घ्या. त्याला चार प्रश्न लावा. उत्तर ‘गुन्हा नाही’ असे आले तर त्याला लेखी प्रत्युत्तर लिहा.

त्या मुलीला आता आमचे उत्तर असे. बाई, दोन्ही बाजू आपल्याच आहेत आणि त्या एकमेकींविरुद्ध नाहीत. ज्याच्यापाशी सत्ता आहे त्याच्यावर बोलणाऱ्याचे वकीलपत्र घे. ज्याला जन्मावरून भर चौकात हीन लेखले गेले त्याचेही वकीलपत्र घे. आणि आपल्याच माणसाने न वाचता एखाद्या लेखकावर तक्रार आणली, तर ती लिहून देऊ नकोस. त्याला आधी पान वाचायला लाव. असे करताना आपलेच लोक नाराज होतील. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी ते पत्करले होते.

पंचशीलातील चौथे शील आपण रोज घेतो. सम्यक वाचेत खोटे, चहाडी, कठोर व निरर्थक बोलणे टाळण्यास सांगितले आहे. ते शील आपण स्वतः स्वतःला घालून घेतलेले आहे. पोलिसाने दुसऱ्यावर लादण्यासाठी ते नाही. कठोर शब्द शीलाच्या दृष्टीने चूक असू शकतो आणि तरीही कायद्याच्या दृष्टीने गुन्हा नसू शकतो. हा फरक ज्याला कळला, त्याला आमचा हा पाठ समजला.

देहूरोडच्या ज्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली, तेथून आपले थेरगाव फार दूर नाही. तेथे वंदनेला जाल तेव्हा पिशवीत संविधानाची प्रत असू द्या. आणि तिच्याबरोबर, ज्याच्याशी आपले पटत नाही अशा लेखकाचे एक पुस्तकही.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.